शंभर होईपर्यंत

"किती वाजता?" अर्नीने शिडीवरून विचारलं. त्याचं डोकं तेवढं विहिरीच्या काठावर दिसत होतं.

"चार वाजता," थेल्मा म्हणाली. "आणि हे तू चौथ्यांदा विचारतोयस."

"तिसऱ्यांदा."

"बरं, तिसऱ्यांदा. उतर आता. उजाडलं की दूधवाला येईल."

"चार वाजता काय करायचं?"

"तुला तसंच खाली ठेवायचं, झाकण लावायचं आणि घरी जाऊन पाय वर करून बसायचं. एक्केचाळीस वर्षांची कटकट एका दिवसात मिटेल." मग त्याचा चेहरा बघून ती जरा नरमली. "शिडी सोडायची, अर्नी. शिडी. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

अर्नी उतरला. सदुसष्टाव्या वर्षी दोराच्या शिडीवरून तीस फूट खाली जाणं ही काही चेष्टा नव्हे, पण त्याचा जन्मच चढण्या-उतरण्यात गेला होता. आसपासच्या ऐंशी मैलांतल्या शेतांवरच्या पवनचक्क्या तो दुरुस्त करायचा. कुठे पात्याला तेल घालायचं, कुठे पंपाचा चामडी वायसर बदलायचा, बाईने दिलेला चहा उभ्याउभ्या प्यायचा आणि पुढच्या शेतावर जायचं. त्याच्याबद्दल याहून जास्त कुणी कधी काही सांगितलं नसतं.

पाण्याच्या वर हातभर उंचीवर, विहिरीच्या दगडी बांधकामात एक कपार आहे. गुडघे छातीशी घेतले तर एक माणूस तिच्यात बसतो. अर्नी तिच्यात शिरला आणि त्याने दोराला दोन हिसके दिले. शिडी सरसरत वर गेली. थेल्माने ती काठाजवळच्या पत्र्याच्या पेटीत कोंबल्याचा आवाज आला, मग झाकणाच्या दोन्ही फळ्या पडल्या आणि अंधार झाला.

ही कपार सायलसची. आमच्या मुरेबिन गावात शाळेत जाण्याआधी पोरांना सायलस पाठ होतो. इंग्लंडहून बोटीत घालून आणलेला कैदी. शिशाच्या खाणींकडे जाणारा रस्ता फोडायला जी टोळी लावली होती, तिच्यातून तो पळाला आणि इथे खाणावळीच्या विहिरीत लपला. अकरा दिवस. शिपाई त्याच विहिरीवर घोड्यांना पाणी पाजत होते, बादली त्याच्या कानाजवळून खाली-वर जात होती. खाणावळीत ब्रिजेट नावाची आयरिश मोलकरीण होती. तिने एकदा कपारीतून पाण्याकडे लांबवलेला हात बघितला, म्हणे. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बादलीत पाव ठेवला, विहिरीकडे पाठ केली, शंभर आकडे मोजले आणि बादली वर ओढली. पाव नव्हता. "मी कुणाला पाहिलं नाही," असं बायबलवर हात ठेवून तिला सांगता यावं म्हणून ती पाठ. अकराव्या दिवशी तिने बादलीच्या जागी दोर सोडला, पुन्हा पाठ केली, शंभर मोजले. सायलस उत्तरेला गेला. पुढे जगला की मेला, कोणाला माहीत नाही.

तेव्हापासून ऑक्टोबरचा पहिला रविवार आमच्याकडे बादलीचा. पोरं आपापल्या घरच्या पावाचा तुकडा बादलीत टाकतात, बादली खाली जाते, सगळं गाव विहिरीकडे पाठ करून उभं राहतं आणि मोठ्याने शंभर मोजतं. बादली वर येते ती रिकामी. पोरांचे डोळे असे होतात की बास. आम्हा मोठ्यांना खाली कुणीतरी असतं हे कळतं, पण कोण, ते विचारायचं नसतं. दर पिढीत फक्त दोघांना ठाऊक, एक उतरणारा आणि एक शिडी ओढणारा. लिहून ठेवायचं नाही, नवऱ्या-बायकोलाही सांगायचं नाही. लोक पोस्टमनवर संशय घ्यायचे, काही वर्षं तर पाद्र्यावरही. अर्नीवर कुणीच घेतला नाही. त्या दिवशी तो मुद्दाम लांबच्या एखाद्या पवनचक्कीवर निघून जातो, त्याला गर्दीचा तिटकारा आहे, असं थेल्मा सगळ्यांना सांगायची. ती त्याची बहीण, अकरा वर्षांनी मोठी. तिच्यावर अविश्वास कोण दाखवणार?

मी गावचा खाटीक. विहिरीपासून वीस पावलांवर एकोणीस वर्षं त्या दिवशी सॉसेज भाजत होतो आणि मला पत्ता नव्हता. हे घडलं त्याच्या पुढच्या वर्षी अर्नीने शिडी ओढायला मला बोलावलं, तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं. आता अर्नी नाही, विहिरीवर लोखंडी जाळी बसली आहे, उतरणारा कुणी उरला नाही. म्हणून बोलतो.

अंधारात बसल्या बसल्या अर्नीने मनातल्या मनात पुन्हा उजळणी केली. चार वाजता. पेटी. शिडी. त्याला काळजी होती ती विहिरीची नव्हती.

इकडच्या जून-जुलैच्या थंडीपासून थेल्माचं काहीतरी बिनसलं होतं. बुधवारी ठेवणीतले कपडे घालून ती चर्चच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. फडताळात मोहरीच्या चटणीच्या सात बाटल्या जमल्या होत्या. एकदा किटली पार जळून काळी झाली. अर्नी रोज संध्याकाळी तिच्याकडे चक्कर टाकायचा. गॅस बघायचा, नासलेलं दूध ओतून द्यायचा, जळकी किटली त्याने स्वतः नेऊन गाडीखाली चेपली आणि तशीच नवी आणून ठेवली. गावाला वास लागू दिला नाही.

पण तिची मुलगी जोन शुक्रवारी पर्थहून आली होती आणि जोन डोळ्यात तेल घालून बघत होती.

"मामा, खरं सांगा. आई ठीक आहे?"

"तुझी आई? ती तुला-मला बाजारात विकून येईल आणि वर भाव कमी मिळाला म्हणून भांडेल."

"डॉक्टरने आकडे म्हणायला सांगितले तर मध्येच थांबली. मी तिकडे एक जागा बघून ठेवली आहे, चांगली आहे, बाग आहे. रविवारचा कार्यक्रम तिने नीट पार पाडला तर नाताळपर्यंत काही बोलणार नाही मी. पण एवढीशी जरी चूक झाली ना, तर मी तिला घेऊनच जाणार. मला झोप लागत नाही हो, मामा."

"चूक कशाला होतेय?" अर्नी म्हणाला.

शिडी ओढायला दुसरं कुणी घ्यावं, असं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. मलाच विचारावं, असंही आलं होतं. पण एक्केचाळीस वर्षांनी तिच्या हातातून शिडी काढून घ्यायची म्हणजे तोंडावर सांगायचं, की तुझ्याच्याने आता होत नाही. ते अर्नीच्या जिभेवर येईना. त्याऐवजी त्याने जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. एका कागदावर लिहिलं, 'अर्नी विहिरीत आहे. चार वाजता शिडी', आणि चिठ्ठीची चार घड्यांची पुडी तिच्या जांभळ्या स्वेटरच्या खिशात घातली. खिशात हात घालून उभं राहायची तिला सवय होती.

अकराला झाकण उघडलं आणि उजेड खाली आला. त्या विहिरीची एक गंमत आहे, वरचं कुजबुजलेलंसुद्धा खाली जसंच्या तसं येतं. काठाजवळचा बाक तर कानाशीच. मी सॉसेजला नावं ठेवणाऱ्या एका माणसाला शिवी दिली होती, ती अर्नीने पुढच्या वर्षी मला शब्दशः म्हणून दाखवली.

थोड्या वेळाने बाकावर कुणी येऊन बसलं.

"आई, मामा कुठाय?" जोनचा आवाज.

"पवनचक्की दुरुस्त करायला गेलाय. त्याला गर्दी सोसत नाही."

अर्नीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. शाब्बास म्हातारे! किती सहज थाप मारली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

बाराला बादली आली. वर सगळ्यांच्या पाठी वळल्या, बुटांचा खरखराट झाला, आणि थेल्माच्या खड्या आवाजाने मोजणी सुरू झाली. मोजणीला पुढे तीच असायची. तिच्यामागे गाव. एक, दोन, तीन. अर्नी पावाचे तुकडे पिशवीत भरू लागला. एकही पाण्यात पडता कामा नये, पडला तर तो तरंगतो आणि पोरं बघतात.

"सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास," थेल्मा म्हणाली, "तीस, एकतीस..."

अर्नीचा हात बादलीत तसाच राहिला.

वर हशा पिकला. पोरांना वाटलं, आजी गंमत करतेय. मलाही तसंच वाटलं, मी तर चिमटा हातात घेऊन तीस-एकतीस म्हणत नाचलोसुद्धा. मग कुणीतरी मोठ्याने पन्नास म्हटलं, गावाने ते उचललं आणि मोजणी शंभरला पोचली. त्या गर्दीत एकटी जोन हसली नसणार. अर्नीला वर दिसत नव्हतं, पण ती हसली नाही हे त्याला खाली बसून कळलं.

दुपारी माणसं पांगली. भांडी गोळा झाल्याचे, टेबलं मिटल्याचे, गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. तीनच्या सुमाराला जोन म्हणाली, "वॉली, जरा झाकणाला हात लावता का?" वॉली म्हणजे मी. मी गेलो. एक फळी मी धरली, दुसरी जोनने. मोठ्या माणसांनी खाली वाकून बघायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी वाकलो नाही.

झाकण दरवर्षी लागायचंच. मग थेल्मा "तुम्ही व्हा पुढे, मी जरा आवरते," असं म्हणून मागे राहायची. अर्नी त्या वाक्याची वाट बघत होता.

"चल आई, घरी. चहा घेऊ. दमलीस तू."

"थांब गं. मला इथं काहीतरी करायचं होतं."

"काय?"

मी माझी फळी हातात धरून उभा होतो. थेल्मा विहिरीकडे बघत होती. दोन्ही हात स्वेटरच्या खिशांत होते.

खाली अर्नी कपारीतून पुढे झुकला. खिसा, तो मनात म्हणत होता. खिशात बघ. काढ ती चिठ्ठी.

"आठवेना," थेल्मा म्हणाली. "जाऊ दे. अर्नीला विचारते. कुठाय अर्नी?"

"तूच तर म्हणालीस, पवनचक्की..."

"हो. पवनचक्की दुरुस्त करायला गेलाय. त्याला गर्दी सोसत नाही."

तेच शब्द, तोच सूर. आणि आता अर्नीला कळलं, की ती सकाळी थाप मारत नव्हती. एक्केचाळीस वर्षं ती ही थाप मारत आली होती आणि आता तिच्याजवळ तेवढंच शिल्लक राहिलं होतं. तिच्या मते अर्नी खरोखरच कुठल्यातरी पवनचक्कीवर होता.

एक हाक पुरली असती. अजून उजेडाची वीतभर फट होती. त्याने तोंड उघडलं होतं, असं त्याने मला सांगितलं, 'थे' पर्यंत जीभ लागली होती. पण फटीशी जोनचा हात होता. हाक मारली असती तर तो पाच मिनिटांत वर आला असता आणि थेल्मा रात्रीच्या आत पर्थच्या रस्त्याला लागली असती. भावाला विहिरीत विसरली, याहून मोठी चूक कोणती? त्याने तोंड मिटलं. ती येईल, त्याने स्वतःला बजावलं. चहा पिईल, खिशात हात घालेल, येईल. वर मी माझी फळी टाकली.

चार वाजले. त्याच्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे दिसायचे, म्हणून तो घड्याळ बघायचं टाळत होता आणि दर दोन मिनिटांनी बघत होता. साडेचार झाले. पाय बधिर झाले म्हणून तो पाण्यात उतरला. पाणी मांड्यांपर्यंत, बर्फासारखं गार. पाच मिनिटांनी दात वाजू लागले म्हणून पुन्हा कपारीत. दगड शेवाळाने बुळबुळीत, त्यावर हात-पाय रोवून चढायचा एकदा प्रयत्न केला, खांद्याएवढा वर गेला आणि घसरून कोपर सोलून घेतलं. आपल्याला इथे कुणी शोधणार नाही, हे त्याला पुन्हापुन्हा आठवत होतं. घरी वाट बघणारं कुणी नाही. पवनचक्कीवर गेलेला माणूस दोन-दोन दिवस परतला नाही तरी गावात कुणाच्या लक्षात येत नाही. स्वतःच तर तशी घडी बसवली होती त्याने!

साडेपाचला मात्र तो ओरडला. थेल्मा म्हणून, जोन म्हणून, वॉली म्हणूनसुद्धा. वरचं खाली येतं, पण झाकण लागलं की खालचं वर जात नाही. झाकणाला लागून त्याचाच आवाज त्याच्या डोक्यावर येऊन पडला. मी तेव्हा घरी पाय वर करून बसलो होतो.

त्याला स्वतःचा राग आला. ही बाई गॅस उघडा ठेवते, हे मला तीन महिने माहीत आहे. मी काय झाकत होतो? तिला, की मला? ती गेली तर रविवारी कुणाकडे जेवायचं, कुणाशी भांडायचं, या विहिरीचं कुणाशी बोलायचं? एका किटलीपायी मी जोनशी खोटं बोललो, आणि ती किटली मीच गाडीखाली चेपली.

सव्वासहाला वर खुडबुड झाली. एक फळी उघडली. तांबूस उजेडात थेल्माचं डोकं दिसलं.

"थेल्मा!" अर्नी ओरडला. त्याला रडूच फुटलं.

डोकं झटकन मागे गेलं. "हळू! शिपाई ऐकतील," ती कुजबुजली. "आणि माझं नाव तुला कुणी सांगितलं?"

"अगं, मी अर्नी. तुझा भाऊ. शिडी सोड."

"अर्नी पवनचक्की दुरुस्त करायला गेलाय." तिचा आवाज बदलला, त्यात भीती आली. "तुला अर्नी कसा माहीत? तू काय केलंस त्याला? सकाळपासून दिसला नाही तो. तू काय केलंस?"

फळी हलली. ती झाकण लावून पळणार, हे त्याला स्पष्ट दिसलं. उतारवयात, काळोख पडताना, घाबरून, एकटी धावत. तिच्या पायात घरातल्या सपाता असणार.

"काही नाही केलं, बाई," अर्नी म्हणाला. त्याने आवाज घोगरा केला, फारसा करावा लागला नाही. "मी सायलस. मला भूक लागलीय."

फळी हलायची थांबली.

"मग आधी नाही का सांगायचं," थेल्मा म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर बसले आणि आठवलं, तू उपाशी असशील. लेक न्हाणीघरात गेली, तशी निघाले. पाव आणलाय. लोणी लावलंय."

बादली खाली आली. तिच्यात जाड कापलेला पाव होता आणि लोण्यावर मोहरीची चटणी लावली होती, अर्नीला आवडते तशी. त्याने तो घेतला आणि छातीशी धरून बसला.

"खाल्लास?"

"खाल्ला, बाई. देव तुमचं भलं करो."

"आमचा अर्नी तुला वाटेत कुठे दिसला तर त्याला घरी पाठव. या वयात वर चढतो. ऐकत नाही कुणाचं. कुठे पडला-झडला तर कळायचंसुद्धा नाही, त्याला बायको ना पोर. मला सारखी काळजी लागून राहते."

अर्नीने डोळे पुसले. "येईल तो. वाटेतच असेल."

"तू किती दिवस झाले आत?"

"अकरा," अर्नी म्हणाला. "आज जायचा दिवस. शिडी सोडा, बाई. तुमच्या डाव्या हाताला पेटीत आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"वरचं सगळं खाली ऐकू येतं."

हे तिला पटलं. पेटीचं झाकण वाजलं. शिडीची दोन टोकं काठाच्या कड्यांत अडकवताना मात्र तिचे हात जराही चुकले नाहीत, एक्केचाळीस वर्षांत गाठ बसली होती तशीच बसली. शिडी त्याच्या तोंडासमोर येऊन लोंबू लागली.

"मी पाठ करतेय," ती म्हणाली. "मी तुला पाहिलेलं नाही. उत्तरेला जा. तिकडे पाणी नाही, पण शिपाईही नाहीत. काठावर स्वेटर ठेवलंय ते घे, गारठा पडतो." आणि तिने मोजायला सुरुवात केली. "एक. दोन."

अर्नी वर आला तेव्हा ती चौतीसवर होती. हातभर अंतरावर पाठमोरी उभी. पातळ झग्यात, पांढरे केस मागून विस्कटलेले, पायात सपाता. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. पण ती वळली असती आणि त्याला बघितलं असतं, तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. एक तर तिला सगळं आठवलं असतं, आपण भावाला खाली टाकून गेलो हेसुद्धा. नाहीतर तिने त्याला ओळखलं नसतं. दोन्हींची त्याला सारखीच भीती वाटली. त्याने स्वेटर उचललं आणि बुटांतलं पाणी वाजू न देता तो उत्तरेला चालू लागला.

चाळीस पावलांवर कुंपण आहे, पलीकडे गव्हाचं शेत. तिथे तो थांबला. शंभर झाले की वळसा घालून रस्त्याने यायचं, असं त्याने ठरवलं होतं. वारा नव्हता, तिचा आवाज स्वच्छ येत होता.

"सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. तीस. एकतीस."

तो थांबला. पुन्हा एकोणपन्नास आलं. पुन्हा तीस. सूर्य धान्याच्या कोठारामागे गेला. तिसऱ्यांदा एकोणपन्नास झालं आणि ती पुन्हा तीसवर गेली, न दमता, मागे न वळता. शंभर झाल्याशिवाय ती हलणार नव्हती आणि शंभर कधीच होणार नव्हते.

स्वेटरच्या खिशात त्याच्या बोटांना कागद लागला. चार घड्या, त्याने घातल्या होत्या तशाच. त्याने तो स्वतःच्या खिशात टाकला. स्वेटर जवळ दिसलं तर विहिरीतला तोच होता हे तिला कळेल, म्हणून ते कुंपणाच्या तारेवर टाकलं आणि तो वळसा घालून जमेल तेवढ्या वेगाने, लंगडत, रस्त्याच्या बाजूने विहिरीवर आला.

"थेल्मा."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अर्नी! बोलू नकोस. अजून शंभर झाले नाहीत. चव्वेचाळीस."

तो तिच्या शेजारी उभा राहिला, विहिरीकडे पाठ करून.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "एकोणपन्नास." आणि थांबली. ओठ पुढच्या आकड्यासाठी हलले.

"पन्नास," अर्नी म्हणाला.

तिने मान डोलावली. "एक्कावन्न."

"बावन्न."

असे ते शंभरपर्यंत गेले. मग दोघे वळले. शिडी विहिरीत नुसतीच लोंबत होती.

"गेला," थेल्मा म्हणाली. इतकी आनंदलेली अर्नीने तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. "सुटला बिचारा. तू कुणाला सांगू नकोस हं."

"नाही सांगत."

"आणि तू किती भिजलायस! जेवायला का नाही आलास?"

तेवढ्यात रस्त्याने जोन धावत आली, ओल्या केसांनी, अनवाणी. "आई! मी सगळं घर पालथं घातलं. स्वेटर कुठाय तुझं? कुणाला दिलंस?"

थेल्माने अर्नीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हा चेहरा अर्नीला चांगला ठाऊक होता.

जोनने उघडी विहीर पाहिली, शिडी पाहिली, मामाची गळणारी विजार आणि सोललेलं कोपर पाहिलं. अर्नीने खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला.

"जोन, शुक्रवारी तू मला एक विचारलं होतंस," तो म्हणाला. "आता परत विचार."

जोनने कागद वाचला. ती बाकावर बसली आणि रडू लागली.

थेल्माचं तिकडे लक्ष नव्हतं. ती उत्तरेकडे बघत होती. मग अर्नीच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "ते बघ, कुंपणावर. माझं स्वेटर. विसरून गेला तो. आता रात्रभर गारठेल."

"मी घेऊन येतो," अर्नी म्हणाला, आणि पुन्हा कुंपणाकडे चालू लागला.